तेल नेमके जळते कुठे?

१९११ साली विन्स्टन चर्चिल यांच्याकडे ब्रिटिश नौदलाचे मंत्रिपद आले, तेव्हा त्या नौदलाची बहुतेक मोठी जहाजे वेल्समधल्या खाणींतल्या कोळशावर चालत. कोळसा उत्तम प्रतीचा, मुबलक आणि घरचा होता. तरीही वर्षभरातच ठरले, की यापुढच्या बड्या युद्धनौका तेलावर चालवायच्या. ब्रिटनजवळ तेव्हा स्वतःचे म्हणण्याजोगे तेल नव्हते. ते आणायचे होते इराणमधून. पुरवठ्याची खात्री राहावी म्हणून १९१४ मध्ये सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले.

घरचे इंधन सोडून परक्याचे घ्यावे, असे तेलात काय होते? तेवढ्याच वजनाच्या कोळशापेक्षा तेल जवळपास दीडपट उष्णता देते. ते नळीतून वाहते, त्यामुळे भट्टीत फावड्याने कोळसा लोटणारी माणसांची फौज लागत नाही. भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात भरताही येते. पुढे मोटारी, ट्रक आणि विमाने याच गुणांमुळे तेलाला चिकटली. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट, म्हणजे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. आजच्या विद्युत मोटारीतल्या बॅटरीच्या एक किलो वजनात पाव युनिटही मावत नाही.

हा इतिहास आधी सांगितला, कारण परदेशी तेलाचा प्रश्न वाहनांतून जन्मला आणि आजही बराचसा तिथेच अडकला आहे. जगात रोज सुमारे १० कोटी बॅरल तेल खपते (एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर). त्यातले निम्म्याहून जास्त रस्ते, समुद्र आणि आकाशातल्या वाहतुकीत जळते. उलट जगातल्या एकूण विजेपैकी तेलापासून तयार होते ती जेमतेम दोन-तीन टक्के. म्हणून कोणी म्हणाले, की एवढे सौर पॅनेल बसवले, आता तेलाची आयात घटणार, तर माझा पहिला प्रश्न असतो: ती वीज जाणार कुठे? ती घरातल्या दिव्यात आणि कारखान्यातल्या यंत्रात गेली, तर कोळसा किंवा वायू वाचेल. तेही हवेच आहे, पण तेलाचा टँकर बंदरात लागायचा तो लागणारच.

पन्नास वर्षांपूर्वी चित्र वेगळे होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलबंदी जाहीर केली आणि काही महिन्यांत बॅरलची किंमत तीन डॉलरच्या आसपासून बारा डॉलरच्या घरात गेली. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी १९८० पर्यंत ऊर्जेत स्वयंपूर्ण होण्याची घोषणा केली. प्रत्यक्षात पुढची काही वर्षे आयात वाढतच गेली. फ्रान्सने मात्र मार्च १९७४ मध्ये अणुवीज उभारणीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि पुढच्या दोन दशकांत पन्नासहून अधिक अणुभट्ट्या बांधल्या. तिथली बरीच वीज तेव्हा तेल जाळून बनत होती, त्यामुळे अणुभट्ट्यांनी खरोखरच तेल वाचवले. डेन्मार्क पवनचक्क्यांकडे वळला आणि आज त्याची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते. पण विजेतले तेल एकदा संपले, की ही वाट तिथेच थांबते.

ती कुठे थांबते, हे आइसलँडइतके स्वच्छ कुठेच दिसत नाही. या देशाची जवळपास सगळी वीज धबधब्यांतून आणि जमिनीखालच्या वाफेतून येते. दर दहातली नऊ घरे भूगर्भातल्या गरम पाण्याने ऊबदार राहतात. एकेकाळी हीच घरे आयात तेलावर आणि कोळशावर तापत असत, तेव्हा ही कमाई लहान नाही. असे असूनही मोटारी, विमाने आणि मासेमारीची जहाजे यांच्यासाठी आइसलँड आजही तेल बाहेरून आणतो. घरच्या ऊर्जेचा सुकाळ आणि तेलाची आयात एकाच देशात सुखाने नांदू शकतात.

मग स्वतःचेच तेल काढले तर? अमेरिकेने ते करून पाहिले. शेल नावाच्या घट्ट खडकात आडवी भोके पाडायची, दाबाने पाणी आणि वाळू सोडून खडकाला तडे द्यायचे आणि अडकलेले तेल बाहेर काढायचे. या तंत्राच्या जोरावर २०१८ मध्ये अमेरिका जगातला सर्वात मोठा कच्च्या तेलाचा उत्पादक झाली. २०२० मध्ये तिची तेल आणि तेलपदार्थांची निर्यात आयातीपेक्षा जास्त झाली. आणि तरीही जून २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, तिथे पेट्रोलचा सरासरी दर गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला. तेलाचा भाव जागतिक बाजारात ठरतो आणि घरच्या विहिरीचा मालकही त्याच भावाने विकतो. शिवाय शेलचे तेल हलके असते, तर अमेरिकेतल्या अनेक रिफायनऱ्या जड तेलासाठी बांधलेल्या आहेत. म्हणून तो देश अजूनही रोज लाखो बॅरल कच्चे तेल आयात करतो. स्वतःच्या तेलाने तुटवड्याची भीती कमी होते, हे मी नाकारत नाही. भावाच्या झटक्यातून मात्र ते सोडवत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे घरच्याच एखाद्या पदार्थापासून द्रव इंधन बनवणे. १९२५ च्या सुमारास फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या जर्मन शास्त्रज्ञांनी कोळशापासून मिळवलेल्या वायूचे तेल करण्याची रीत शोधली. दक्षिण आफ्रिकेने १९५० च्या दशकापासून ती मोठ्या प्रमाणावर वापरली. तेल मिळते, पण खर्च प्रचंड आणि कार्बन डायऑक्साइड पेट्रोलच्या सुमारे दुप्पट. ब्राझीलने १९७५ मध्ये उसाच्या इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ऐंशीच्या दशकात तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारी निव्वळ इथेनॉलवर चालत. दशकाच्या शेवटी कारखाने साखरेकडे वळले, इथेनॉल तुटले आणि लोकांचा विश्वास उडाला. २००३ पासून पेट्रोल आणि इथेनॉल यांचे कसेही मिश्रण चालणाऱ्या मोटारी आल्या, तेव्हा कुठे गाडी पुन्हा रुळावर आली.

इथेनॉलची खरी मर्यादा जमिनीची आहे, आणि हा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा असे मला मनापासून वाटते. पिके सूर्यप्रकाशातल्या ऊर्जेचा साधारण एक टक्का साठवतात. सौर पॅनेल वीस टक्क्यांच्या आसपास तिची वीज करतो. एक हेक्टर उसापासून वर्षाला सहा-सात हजार लिटर इथेनॉल मिळते. लिटरला सुमारे सहा युनिट धरले, तर चाळीस हजार युनिट उष्णता झाली. इंजिन त्यातला साधारण पाव हिस्सा चाकापर्यंत पोचवते, म्हणजे उरले दहा हजार. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात एक हेक्टर पॅनेल वर्षाला दहा लाख युनिटच्या घरात वीज देतात. चार्जिंग, बॅटरी आणि मोटर यांतली गळती वजा केली, तरी सात-आठ लाख युनिट चाकाला मिळतात. तेवढ्याच जमिनीतून सत्तरपटीहून अधिक अंतर! हिशेब ढोबळ आहे, चिपाड जाळून कारखान्याला मिळणारी वाफ आणि वीज मी धरलेली नाही. पण सत्तरपटीचा फरक अशा दुरुस्त्यांनी बुजत नाही.

विद्युत वाहनाचे महत्त्व मला इथे दिसते. पाणी, वारा, ऊन, अणू, भूगर्भाची उष्णता, जे ज्याच्या घरी असेल ते चाकापर्यंत नेणारी तार म्हणजे हे वाहन. इथिओपियाची जवळपास सगळी वीज जलविद्युत आहे आणि तेल सगळे बाहेरचे. त्याने २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या मोटारींच्या आयातीवरच बंदी घातली. दुसऱ्याच वर्षी नाइलच्या उपनदीवरच्या ५,००० मेगावॅटहून अधिक क्षमतेच्या धरणाचे उद्घाटन झाले. निर्णय धाडसी आहे आणि चार्जिंगच्या सोयी अजून अपुऱ्या आहेत, पण दिशा अचूक आहे.

विमानांना बॅटरीचे वजन पेलवत नाही आणि प्लास्टिकचा कच्चा मालही तेलातूनच येतो, त्यामुळे आयात शून्यावर येईल असे नाही. आणखी एक अडचण क्वचितच बोलली जाते. एका बॅरलमधून पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन, डांबर हे सारे एकदम निघते. फक्त मोटारी विजेवर गेल्या आणि ट्रक डिझेलवरच राहिले, तर डिझेलसाठी बॅरल आणावेच लागेल. त्यामुळे ट्रक आणि बस मागे ठेवून चालणार नाही.

बॅटरीची खनिजे तरी कुठे घरची आहेत, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे. ग्राफाइटवरच्या प्रक्रियेत आज चीनचा जवळपास एकाधिकार आहे. पण खनिज आणि इंधन यांत फरक आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या नियमानुसार तेल आयात करणाऱ्या सदस्य देशांना ९० दिवसांच्या निव्वळ आयातीएवढा साठा ठेवावा लागतो, कारण टँकर थांबले की टाक्या रिकाम्या होऊ लागतात. बॅटरीचा पुरवठा थांबला, तर नव्या मोटारी बनणार नाहीत. रस्त्यावर असलेल्या मात्र पुढची दहा-बारा वर्षे घरच्या विजेवर धावत राहतील, आणि निकामी झाल्यावर त्यांच्या बॅटरीतले निकेल, कोबाल्ट आणि लिथियम वितळवून, विरघळवून पुन्हा काढता येईल. जळून गेलेले पेट्रोल परत मिळत नाही.