टू एक्स कन्व्हर्टर की एक्स्टेन्शन ट्यूब? जुन्या मॅन्युअल लेन्ससाठी काय घ्यावं

बेळगावात जुनं कॅमेऱ्याचं सामान ठेवणाऱ्याकडे "लेन्सच्या मागं लावायची ती रिंग आहे काय?" असं विचारलं, की एकाच डब्यातून तीन-चार काळ्या रिंगा काउंटरवर येतात. "कुठलीबी घ्या की ओ, मधे लावलं की मोठं दिसतंय." मोठं दिसतं हे खरं. पण त्यातली एक रिंग लांबचं मोठं करते आणि दुसरी जवळचं, आणि एकीचं काम दुसरीकडून होत नाही.

बाहेरून दोन्ही सारख्याच. पुढच्या बाजूला लेन्स अडकते, मागची बाजू बॉडीत जाते. उजेडाकडे धरून आरपार पाहिलं की उलगडा होतो. आत भिंगं दिसली तर टेलिकन्व्हर्टर. नुसती पोकळ नळी असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब, जिला बरेच जण मॅक्रो रिंग म्हणतात. ट्यूब बहुधा एकमेकींत बसणाऱ्या तीन तुकड्यांच्या सेटमध्ये मिळते. स्क्रू माउंटच्या, म्हणजे एम ४२ च्या सेटमध्ये ७, १४ आणि २८ मिलिमीटरचे तुकडे नेहमी दिसतात.

कन्व्हर्टर लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे लांबचं जवळ आणण्याची ताकद सांगणारा मिलिमीटरचा आकडा, वाढवतो. टू एक्स, म्हणजे दुप्पट करणारा, लावला की १३५ मिलिमीटरची लेन्स २७० ची होते. फोकस अनंतापर्यंत जातो, आणि लेन्स पूर्वी जितक्या जवळून फोकस करत होती तितक्याच जवळून करते. याची किंमत उजेडात मोजावी लागते. टू एक्समध्ये दोन स्टॉप जातात, १.४ एक्समध्ये एक; एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा झाला. म्हणजे १३५ एफ २.८ ची झाली २७० एफ ५.६. एफचा आकडा लेन्सचं अपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, किती उघडं ते सांगतो; आकडा वाढला की उजेड कमी. लेन्सच्या अपर्चर रिंगवरचा आकडा मात्र बदलत नाही, तिथे ५.६ लावलं तर प्रत्यक्षात ११ धरायचं.

मार दुहेरी बसतो तो इथेच. नुसत्या लेन्सवर १/५०० सेकंदाचा शटर वेग मिळत होता तिथे आता १/१२५ मिळणार, आणि २७० मिलिमीटर हातात स्थिर धरायला निदान १/२५० तरी हवा. घटप्रभा पक्षी अभयारण्यात हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात हे जमून जातं. भीमगडच्या दाट रानात, झाडाच्या शेंड्यावरच्या शेकरूसाठी, नाही जमत. शिवाय जुन्या फिल्म कॅमेऱ्यात फोकससाठी जो दुभंगलेला गोल असतो, तो एफ ५.६ च्या आसपास अर्धा काळा पडू लागतो. मग बाजूच्या खरबरीत काचेवरच फोकस जुळवायचा.

ट्यूबमध्ये भिंग नाही. ती लेन्सला फक्त बॉडीपासून पुढे ढकलते. त्यामुळे लेन्स फार जवळून फोकस करू लागते, पण लांबचं काही दिसेनासं होतं. वस्तू फिल्मवर तिच्या खऱ्या आकाराच्या किती पट उमटते याचा हिशेब सोपा आहे : ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ. जुन्या रशियन झेनिट कॅमेऱ्याबरोबर येणारी हेलिओस ४४ ही ५८ मिलिमीटरची. तिला ७, १४ आणि २८ तिन्ही तुकडे लावले की ४९ भागिले ५८, म्हणजे साधारण ०.८४ पट. जांबोटी-चोर्ल्याकडच्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, पावसाळ्यात उगवणारं सेंटिमीटरभराचं फूल या जोडणीत फिल्मच्या उंचीचा तिसरा हिस्सा व्यापतं. तोच सेट १३५ च्या लेन्सला लावला तर जेमतेम ०.३६ पट. लांब लेन्सला ट्यूबचा गुण कमी लागतो.

"ट्यूबमध्ये काच नाही, म्हणून उजेड कमी होत नाही" असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. ०.८४ पटीला पावणेदोन स्टॉप जातात, हुबेहूब आकाराला, म्हणजे वस्तू फिल्मवर खऱ्याच मापाची उमटते तेव्हा, पुरते दोन. लेन्समधून आलेला उजेड मोजणारा कॅमेरा हे आपोआप धरतो. झेनिट-ई सारख्या, बाहेर सेलेनियमचा उजेड मोजणारा मीटर असलेल्या कॅमेऱ्यावर तेवढे स्टॉप उजेड आपणच वाढवायचा. खरा फरक चित्राच्या दर्जात आहे. कन्व्हर्टर लेन्सचे दोषही दुप्पट करतो आणि वर स्वतःचे घालतो. ट्यूबला घालण्यासारखं स्वतःचं काही नाही.

म्हणून खर्चाचं म्हणाल तर, ५० च्या लेन्ससाठी कन्व्हर्टर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. ५० एफ १.८ चं १०० एफ ३.६ करण्यापेक्षा थोडे पैसे साठवून जुनी १३५ ची लेन्स शोधावी. ती जास्त सुबक चित्र देते. पन्नासच्या लेन्सला ट्यूबच शोभते. कन्व्हर्टर घ्यायचाच तर १३५ किंवा २०० च्या चांगल्या प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्ससाठी. जुन्या स्वस्त झूमला तो लावणं म्हणजे धूसर फोटो मोठा करून पाहणं. आणि थ्री एक्सच्या वाटेला जाऊच नका, तीन स्टॉपहून जास्त उजेड जातो. डिजिटल बॉडी असेल तर आधी नुसतं क्रॉप करून पाहा. २४ मेगापिक्सेलमधून टू एक्सइतका भाग कापला तर ६ उरतात, आणि फोटो मोबाइलवरच बघायचा असेल तर ६ पुष्कळ झाले.

कन्व्हर्टरमध्येही प्रत असते. केन्कोच्या एमसी ४ मध्ये चार भिंगं, एमसी ७ मध्ये सात. जुन्यात सात भिंगांचा मिळाला तर तोच घ्यावा. निकॉनमध्ये आणखी एक गोम आहे : टीसी-२०१ हा २०० मिलिमीटरपर्यंतच्या लेन्ससाठी, टीसी-३०१ हा ३०० आणि पुढच्यांसाठी. दुसऱ्याचं भिंग पुढे आलेलं असतं, ते लहान लेन्सच्या पाठीवर आपटू शकतं. बळजबरी करायची नाही.

दोन्हींचं थोडं थोडं काम करणारी एक वस्तूही आहे : विविटारचा टू एक्स मॅक्रो फोकसिंग कन्व्हर्टर. आत भिंगं, आणि बाहेरची रिंग फिरवली की तो लांबही होतो. ५० च्या लेन्सवर तो थेट हुबेहूब आकारापर्यंत नेतो. ५० ला कन्व्हर्टर नको या माझ्या मताला एवढाच अपवाद.

आपल्याकडच्या पावसात बुरशी हा मोठा शत्रू. खानापूर-जांबोटीकडच्या घरात वर्षानुवर्षं कपाटात पडलेला कन्व्हर्टर असेल तर मोबाइलची बॅटरी एका बाजूने मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत का ते बघा. ट्यूबला ही भीती नाही, पण ती लेन्सची पिन दाबते का ते तपासायला हवं. फोटो काढताना अपर्चर आपोआप मिटवणाऱ्या ऑटो लेन्सला मागे एक पिन असते, आणि एम ४२ च्या काही स्वस्त ट्यूबना ती दाबणारा भागच नसतो. मग ऑटो लेन्सचं अपर्चर उघडंच राहतं, आणि लेन्सवर ऑटो-मॅन्युअलची कळ नसेल तर ते बंद करता येत नाही. हेलिओस ४४-२ ला ही अडचण नाही, तिचं अपर्चर हातानंच मिटवायचं असतं.

कॅननच्या जुन्या एफडी माउंटची लेन्स कॅननच्याच नंतरच्या ईओएस बॉडीवर लावणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एफडीला लेन्स आणि फिल्ममधलं अंतर ४२ मिलिमीटर लागतं, ईओएसमध्ये ते ४४ आहे. त्यामुळे बिनकाचेचा अडॅप्टर लावला तर तो आपसूक छोटी ट्यूब होतो आणि लांबचा फोकस जातो. काचेचा लावला तर तो हलका कन्व्हर्टर होतो. त्यावर पुन्हा टू एक्स चढवला, तर भिंगांची रांग इतकी लांबते की चांगल्या लेन्सचाही फोटो मऊ पडतो.