रुमाल नाकाला, विष पाठीवरून

“वीस वर्षं झाली फवारा मारतो, मले काही होत नाही.” यवतमाळ जिल्ह्यातील एका वावरात एका शेतमजुराने मला हे सांगितले, तेव्हा त्याने नाकातोंडाला रुमाल बांधलेला होता, पाय अनवाणी होते आणि पाठीवरच्या पंपाच्या झाकणातून झिरपणारे द्रावण सदऱ्यावरून ओघळत कमरेपर्यंत उतरले होते. नोझल तुंबले तेव्हा त्याने रुमाल खाली ओढला, नोझल काढून तोंडाने फुंकले आणि पुन्हा बसवले. त्याच्या बोलण्यात फुशारकी नव्हती. त्याचा अनुभव खराच होता. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र जिवावर बेतणारा आहे.

याच जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांपैकी सुमारे वीस जण दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी अनेक ठिकाणी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा खाली पडण्याऐवजी मारणाऱ्याच्याच अंगावर येत होता. त्यानंतर शासनाने विदर्भातील काही जिल्ह्यांत ज्या कीटकनाशकांची विक्री तात्पुरती थांबवली, त्यांत मोनोक्रोटोफॉस होते आणि प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांचे मिश्रणही होते. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही दोन्ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील रसायने आहेत. हा गट किडीला ज्या पद्धतीने मारतो, नेमक्या त्याच पद्धतीने माणसालाही मारतो.

आपण हात उचलतो तेव्हा मेंदूकडून आलेला संदेश चेतातंतूच्या टोकाशी येऊन थांबतो, कारण तंतू आणि स्नायू यांच्यामध्ये मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी फट असते. ही फट ओलांडण्यासाठी तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन सुटते, ते स्नायूवरील ग्राहकांना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या रेणूंना, चिकटते आणि स्नायू आकुंचन पावतो. पण संदेश पोचवून झाल्यावर तो पुसलाही गेला पाहिजे, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. पुसण्याचे हे काम ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम करते, आणि शरीरातील सर्वांत वेगवान एन्झाइमांपैकी ते एक आहे: त्याचा एकेक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलिनचे हजारो रेणू तोडतो. या एन्झाइमच्या आत एक अरुंद घळ असून तिच्या तळाशी सेरीन हे अमिनो आम्ल असते. ॲसिटिलकोलिन तळाशी उतरले की त्याचे दोन तुकडे होतात, एक तुकडा क्षणभर सेरीनला चिकटतो, पाण्याचा रेणू येऊन तो सोडवतो आणि जागा पुन्हा मोकळी होते. हे सारे मिलिसेकंदाच्या आत उरकते.

ऑर्गॅनोफॉस्फेटचा रेणू त्याच घळीत उतरतो आणि त्यातील फॉस्फरस त्याच सेरीनला चिकटतो. हा बंध मात्र पाण्याला सहजासहजी सोडवता येत नाही. त्याला तास किंवा दिवस लागतात. त्याहून वाईट म्हणजे, चिकटलेल्या रेणूची एक बाजू कालांतराने गळून पडते आणि उरलेला भाग कायमचा घट्ट बसतो. वैद्यकात याला ‘एजिंग’ म्हणतात. प्रॅलिडॉक्झिम हे औषध फॉस्फरसला सेरीनपासून ओढून काढू शकते, पण एजिंग होण्यापूर्वीच. मोनोक्रोटोफॉसच्या बाबतीत ही मुदत तासांत मोजावी लागते, तर प्रोफेनोफॉसच्या बाबतीत ती आणखी कमी असते. अ‍ॅट्रोपिन हे दुसरे औषध एन्झाइम सोडवत नाही, ते काही ग्राहक झाकून साचलेल्या ॲसिटिलकोलिनचा परिणाम रोखते. उपचार मिळेपर्यंत लाळ, घाम आणि डोळ्यांचे पाणी थांबत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत कफ भरतो, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात.

आता त्या मजुराच्या वीस वर्षांकडे वळू. एन्झाइमचा थोडा साठा निकामी झाला तरी उरलेला साठा काम भागवतो, त्यामुळे सोमवारी काही जाणवत नाही आणि मंगळवारीही नाही. साठा साधारणपणे निम्म्याखाली गेला की डोके दुखणे, मळमळ, अंधूक दिसणे सुरू होते आणि ‘ऊन लागले’ म्हणून तेही सोडून दिले जाते. म्हणूनच एखादा माणूस रोजच्याइतकेच पंप मारूनही एखाद्या दिवशी अचानक कोसळतो. शरीराला विषाची सवय होत नसते, शिल्लक संपत असते.

रुमालाने ही शिल्लक वाचत नाही, कारण फवारणीत विष मुख्यतः त्वचेतून आत जाते. पॅराथिऑन या याच गटातील रसायनाच्या माणसांवरील जुन्या प्रयोगांत जांघेजवळच्या, अंडकोशाच्या त्वचेतून हाताच्या त्वचेच्या दहापटीहून अधिक शोषण झाल्याचे आढळले होते. पंपाच्या झाकणातून झिरपणारे द्रावण कमरेवरून नेमके तिकडेच उतरते. संध्याकाळी तोच सदरा त्याची बायको उघड्या हातांनी धुते, आणि फवारणाऱ्यांच्या मोजणीत तिचे नाव कुठेच नसते.

कोसळलेल्या माणसाला ‘विष उतरावे’ म्हणून दूध किंवा तूप पाजण्याची प्रथा अजूनही आहे आणि काही घरांत बाहेरची बाधा समजून त्याला आधी भगताकडे नेतात. दुधाने हा बंध सुटत नाही. उलट अर्धवट शुद्धीतील, तोंडातून फेस येणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात ते दूध जाऊ शकते. भगताकडे गेलेले तास एजिंगच्या मुदतीतून वजा होतात. अशा वेळी अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे, रुग्णाला कुशीवर वळवावे आणि औषधाच्या डब्यासह थेट रुग्णालयात न्यावे. डबा न्यायचा, कारण बाजारातील सर्व कीटकनाशके या गटातील नसतात आणि प्रत्येकावर उतारा आहे असेही नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकापासून या गटाची रसायने नियमित हाताळणाऱ्या मजुरांच्या रक्तातील याच एन्झाइमची पातळी तपासली जाते. निरोगी माणसांतही या एन्झाइमची पातळी वेगवेगळी असल्यामुळे प्रत्येकाची मूळ पातळी काम सुरू होण्याआधी नोंदवतात. रक्तपेशींतील एन्झाइम तिच्या ७० टक्क्यांवर किंवा त्याखाली आले की मजुराला त्या कामावरून दूर करतात आणि ८० टक्क्यांवर गेल्याशिवाय परत घेत नाहीत. आपल्याकडे हीच तपासणी पेरणीच्या दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. माणूस कोसळल्यावर केलेल्या तपासणीत त्याची मूळ पातळी किती होती ते कळत नाही.

तांबड्या रक्तपेशींना केंद्रक नसल्यामुळे त्या नवे एन्झाइम बनवू शकत नाहीत. जुन्या पेशी जाऊन नव्या येतील तसतशी, दिवसाला जेमतेम एक टक्का, ही तूट भरते. आठवड्याभराने रुग्णालयातून सुटलेल्या मजुराची लाळ थांबलेली असते, नजर साफ झालेली असते आणि घरचेही म्हणतात की बरा झाला. पुढची फवारणी पंधरा दिवसांवर आलेली असते, आणि त्या पंधरा दिवसांत त्याचे सुमारे पंधरा टक्के भरून निघालेले असतात.