नियंत्रण व संतुलन (अमेरिकेची राज्यघटना)

अमेरिकेच्या राज्यघटनेतील एक मूलतत्त्व. राज्यसत्ता काँग्रेस म्हणजे विधिमंडळ, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालये यांच्यात वाटायची आणि प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याला अडवण्याचा काहीतरी अधिकार ठेवायचा, असे त्याचे स्वरूप आहे. नुसत्या वाटणीला सत्ताविभाजन म्हणतात. अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांनी तो विचार मांडला होता. पण कागदावर आखलेल्या सीमा सत्तेच्या हावेपुढे टिकत नाहीत, हे जेम्स मॅडिसन यांनी ओळखले. एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याची महत्त्वाकांक्षाच आवर घालील, असे त्यांनी १७८८ मध्ये लिहिले. माणसे देवदूत नाहीत हे गृहीत धरून राज्यकारभार रचण्याचा एवढा प्रामाणिक प्रयत्न त्यापूर्वी क्वचितच झाला असेल.

या रचनेमागे दोन भीती होत्या. इंग्लंडच्या राजाचा जाच ताजा होता. उलट १७८१ पासूनच्या पहिल्या संघराज्यात केंद्राला कर बसवण्याचाही अधिकार नव्हता. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जाने पिचलेले शेतकरी शस्त्रे घेऊन उठले, तेव्हा केंद्राचा दुबळेपणा उघडा पडला. १७८७ च्या मे ते सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधींनी नवी घटना घडवली. तिच्यावर ३९ जणांच्या सह्या आहेत.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे चालते, ते एखाद्या विधेयकाच्या वाटचालीत दिसते. काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य असतात आणि ते दर दोन वर्षांनी निवडले जातात. सेनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन असे १०० सदस्य सहा वर्षांसाठी असतात. दोन्ही सभागृहांनी एकच मसुदा मंजूर केला की तो राष्ट्राध्यक्षांकडे जातो. रविवार वगळून दहा दिवसांत त्यांनी सही करायची किंवा आक्षेप लिहून तो परत पाठवायचा. परत आलेले विधेयक दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केले, तर सहीवाचूनही त्याचा कायदा होतो. काहीच न करता दहा दिवस उलटले तरी कायदा होतो. मात्र तेवढ्यात काँग्रेसचे अधिवेशन संपले, तर विधेयक मरते. यालाच ‘पॉकेट व्हेटो’ म्हणतात. नेमणुकांतही असेच आहे : न्यायाधीशाचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, संमती सेनेट देते, आणि एकदा खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशाचा पगार दोघांनाही कमी करता येत नाही. महाभियोगाचे आरोप प्रतिनिधिगृह ठेवते, खटला चालवून निवाडा सेनेट करते. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्रू जॉन्सन यांचे पद एका मताने वाचले.

घटनाबाह्य कायदा रद्द करण्याचा न्यायालयाचा अधिकार घटनेत स्पष्ट लिहिलेला नाही. तो रुजला एका न पोचलेल्या नेमणूकपत्रामुळे. १८०१ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी पायउतार होता होता विल्यम मार्बरी यांना राजधानीच्या जिल्ह्यात न्यायदंडाधिकारी नेमले. पत्रावर सही झाली, शिक्काही बसला, पण ते पोचते करायचे राहून गेले. नवे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन यांनी ते अडवून धरले. मार्बरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश होते जॉन मार्शल. अ‍ॅडम्स यांचे परराष्ट्रमंत्री या नात्याने तो शिक्का त्यांच्याच हाताखाली बसला होता! (आज असा न्यायाधीश त्या खटल्यापासून दूर राहील.) १८०३ चा त्यांचा निकाल पाहण्यासारखा आहे. पत्रावर मार्बरींचा हक्क आहे. पण अशी दाद थेट या न्यायालयात मागण्याची मुभा देणारे १७८९ च्या कायद्यातील कलम घटनेशी विसंगत, म्हणून रद्दबातल. एक लहान अधिकार सोडून देऊन न्यायालयाने फार मोठा अधिकार मिळवला. मार्बरींना पत्र मात्र कधीच मिळाले नाही.

या अधिकाराची धार १९५२ मध्ये दिसली. कोरियातील युद्ध चालू असताना संप टाळण्यासाठी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. काँग्रेसने असा अधिकार दिलेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले आणि कारखाने मालकांना परत करावे लागले. युद्धाच्या बाबतीत मात्र संतुलन ढळले आहे. युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा. पण तिने रीतसर युद्ध शेवटचे पुकारले ते १९४२ मध्ये. व्हिएतनाम, इराक त्यानंतरचे.

या रचनेतले सर्वांत मोठे वैगुण्य असे, की सत्तेत बसलेले एकमेकांना अडवू शकत होते, पण सत्तेच्या बाहेर ठेवलेल्यांच्या हाती काहीच नव्हते. मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द नाही. ‘इतर व्यक्ती’ असा आडवळणाने उल्लेख करून प्रतिनिधींच्या वाटपासाठी त्यांची लोकसंख्या तीन-पंचमांश धरली, आणि तिचा लाभ मालकांच्या राज्यांना मिळाला. गुलामगिरी संपवणारी तेरावी दुरुस्ती १८६५ मध्ये आली, तीही यादवी युद्धानंतर. तिचे मोल पुण्यात बसलेल्या जोतीराव फुल्यांनी जाणले होते : ‘गुलामगिरी’ (१८७३) त्यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली.

भारताच्या घटनाकारांनी ही पद्धत तपासून बाजूला ठेवली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले, की अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक मिळते, उत्तरदायित्व कमी. तिथे मंत्री काँग्रेसचा सदस्य असू शकत नाही. आपल्याकडे त्याला सभागृहात उभे राहून रोज प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.