मॅग्नेशियमचं बूच आणि आपली आठवण

स्मरणशक्ती वाढवून देणाऱ्यांच्या जाहिरातीत मेंदू म्हणजे कोठार: माहिती भरा, हवी तेव्हा काढा. मेंदूत असं कोठार नाही. चेतापेशी जिथे एकमेकींना संदेश देतात त्या जोडणीला सिनॅप्स म्हणतात, आणि शिकताना बदलते ती या जोडण्यांची ताकद.

पहिली पेशी ग्लुटामेट हे संदेश नेणारं रसायन सोडते. ते पकडायला पुढच्या पेशीवर मुख्यतः दोन प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे रसायन चिकटलं की उघडणारे प्रथिनांचे दरवाजे, असतात: एएमपीए आणि एनएमडीए. एएमपीए लगेच उघडतो आणि सोडियम आत शिरतं. एनएमडीएला मात्र ग्लुटामेट चिकटलं तरी वाट मोकळी होत नाही, कारण त्यात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. पेशी शांत असताना तिच्या आतला विद्युतदाब सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो. धनभारित मॅग्नेशियम बाहेरून आत ओढलं जातं आणि वाटेतच रुतून बसतं. बरेच संदेश एकदम आले की सोडियममुळे हा ऋण दाब कमी होतो, ओढ सैलावते, बूच निघतं आणि कॅल्शियम आत येतं. म्हणजे इकडून ग्लुटामेट यायला हवं आणि त्याच क्षणी पलीकडची पेशी उत्तेजित असायला हवी. दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचं काम एक रेणू करतो, हे मला विलक्षण वाटतं!

कॅल्शियममुळे सीएएमके-टू हे एन्झाइम कामाला लागतं आणि जोडणीवर आणखी एएमपीए रिसेप्टर बसतात. पुढच्या वेळी तेवढ्याच ग्लुटामेटला प्रतिसाद जास्त मिळतो. हा बदल काही तास टिकतो; त्यापुढे टिकवायचा तर जनुकं चालू होऊन नवी प्रथिनं बनावी लागतात.

ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी जोडणीच्या ताकदीची ही वाढ सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी निगडित भागात, पाहिली आणि १९७३ साली प्रसिद्ध केली. १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत एनएमडीए अडवणारं एपी-फाइव्ह हे रसायन सोडलं, तेव्हा गढूळ पाण्याखाली लपवलेल्या चौथऱ्याची जागा उंदरांना नीट शिकता येईना.

मध्यमेंदू ‘जागा’ करून मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो, असं सांगणाऱ्या ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या वर्गांचा यातल्या कशाशीही संबंध नाही. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो. पट्टी बांधलेलं मूल नाकालगतच्या फटीतून वाचतं. फट बुजवा, वाचन थांबतं. पालकांनी या वर्गांवर एक रुपयाही घालवू नये.

अभ्यासासाठी पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढावं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. लिहून झालं की पुस्तकाशी लगेच ताडून पाहावं, नाहीतर चुकीचंच पक्कं होतं.