भिजत नाही म्हणून मेलेलं नाही

गावरान बियाणी जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली आणि गावरान बियाण्यांची हौस शहरांतही बोलू लागली. आमच्या सोसायटीच्या सामायिक बागेत यंदा अबई आणि चौधारी घेवडा लावला. अबई वर आली, चौधारीच्या कुंड्या कोऱ्याच. लगेच निकाल लागला: बी जुनं, विकणारा लबाड.

बी बहुधा जिवंत आहे, फक्त गणंग आहे. मटकी भिजवल्यावर तळाशी खडखडतात ना, ते दाणे याच जातीचे.

शेंगवर्गीय बियांच्या सालीत लांबट पेशी कुंपणाच्या मेढींसारख्या खेटून उभ्या असतात. बी पक्व होऊन पुरेसं सुकलं की त्यांतून पाणी आत जात नाही. पण मग आतली ओल बाहेर पडते कुठून? नाभीतून. बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं ती ही खूण. अबईच्या बीवर ती लांब काळपट रेघ म्हणून सहज दिसते. रेघेच्या मधोमध सूक्ष्म फट असते. हवा कोरडी असली की फट उघडते, ओल बाहेर जाते. हवा दमटली की फटीलगतच्या पेशी फुगतात आणि फट मिटते. हाइड या शास्त्रज्ञाने १९५४ साली क्लोव्हर आणि ल्युपिन या शेंगवर्गीय वनस्पतींच्या बियांत ही एकतर्फी झडप दाखवली. परिणाम भन्नाट आहे: बीला आजवर जी सर्वांत कोरडी हवा लागली, जवळजवळ तितकं ते कोरडं होतं आणि तसंच राहतं.

वेलीचा यात फायदाच. वळवाच्या सरीवर सगळं बी उगवलं आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणी कोण करणार? शेतकऱ्याने मात्र पिढ्यान्‌पिढ्या चटकन उगवणारंच बी पुढे नेलं, म्हणून पिकांत हा हट्ट कमी, रानटी भाईबंदांत जास्त.

व्हॉट्सॲपवर बी दुधात भिजवून पौर्णिमेला पेरायचा सल्ला फिरतो. दुधातही पाणीच असतं, आणि ते अडलंय सालीपाशी. चंद्राचा संबंध नाही.

नाभीच्या विरुद्ध बाजूला पॉलिश पेपरने आतला फिकट भाग दिसेपर्यंत घासा. मग ओल्या फडक्यात ठेवा. थेट पाण्यात बुडवलं तर पाणी भसकन शिरून डाळिंब्या तडकू शकतात. फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा.

आणि चौधारीला फुलं येतात दिवस लहान व्हायला लागल्यावर. जूनमधला वेल गणपतीपर्यंत नुसताच पानांनी माजला, तर उपटू नका.