हायड्रोजनच्या टाकीला काय घालावं, काय घालू नये

नमस्कार,

सांडपाण्यातली साखर जंतूंकडून फोडून हायड्रोजन काढायची जी टाकी असते, तिच्यातल्या जंतूंसाठी आमच्याकडून पोषण-मिश्रण नेणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. पुडी फोडण्याआधी वाचावं.

आधी नेहमीची चूक सांगतो. ज्यांचा बायोगॅस प्लांट आधीपासून चालू आहे, ते त्याचंच मिश्रण हायड्रोजनच्या टाकीतही ओततात. त्यात निकेल आणि कोबाल्ट मुद्दाम घातलेले असतात, कारण मिथेन करणाऱ्या जंतूंना ते लागतात. हेच जंतू आपल्या टाकीतला हायड्रोजन खाऊन मिथेन करतात. म्हणजे घरात शिरलेल्या चोराला आपणच पाट मांडून दिला! हायड्रोजनवाल्या जंतूंनाही किंचित निकेल चालतं, पण तेवढं बहुतेक सांडपाण्यातच असतं.

अपेक्षा किती ठेवावी

क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू साखर फोडतात. ग्लुकोजच्या 1 मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप) जास्तीत जास्त 4 मोल हायड्रोजन मिळतो, तोही सगळं अ‍ॅसेटिक आम्लच झालं तर. ब्युटिरिक आम्ल झालं तर 2. प्रत्यक्षात साधारण 1 ते 2.5 हाती लागतो. अगदी 4 मिळाला तरी सीओडीचा (म्हणजे ऑक्सिजनच्या मापात मोजलेल्या सांडपाण्यातल्या घाणीचा) तिसरा हिस्साच गॅसमध्ये जातो. बाकीचा आम्लांच्या रूपात टाकीबाहेर पडतो. म्हणून मागे मिथेनची टाकी लागतेच. या एका टाकीत सीओडी पूर्ण उतरेल, असं आम्ही कुणालाही सांगत नाही.

लोह

आमच्या मिश्रणात खरा भर लोहावर आहे. हायड्रोजन तयार करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) गाभ्यातच लोह असतं, आणि त्याच्यापर्यंत इलेक्ट्रॉन पोचवणाऱ्या फेरेडॉक्सिन या प्रथिनामध्येही. लोह कमी पडलं की जंतू लॅक्टिक आम्लाकडे वळतात. साखर संपते, आंबटपणा वाढतो, गॅस मात्र येत नाही.

पण म्हणून हिराकस मोठ्या मापाने ओतू नये. जास्त लोहही जंतूंना मानवत नाही. शिवाय हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. मळीच्या डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशमध्ये (दारू काढून उरलेल्या पाण्यात) सल्फेट आधीच भरपूर असतं. सल्फेटवर जगणारे जंतू हायड्रोजन खातात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. त्या सल्फाइडला चिकटून लोह काळ्या गाळात बसतं. पैसे गाळात गेले म्हणतात ते असे. अशा ग्राहकांना आम्ही फेरस क्लोराइडचं मिश्रण देतो.

युरिया, डीएपी

हवा मारायच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर) सीओडी, नत्र, स्फुरद यांचं 100:5:1 प्रमाण ठेवायची सवय असते. इथे एवढं नत्र लागत नाही. जास्त झालं की साखर जंतूंची संख्या वाढवण्यात खर्च होते. युरियाचा अमोनिया होऊन सामूही (पीएच) वर सरकतो, आणि सामू 7 च्या आसपास गेला की मिथेनवाल्यांचं फावतं. सामू 5.5 च्या जवळ ठेवावा, 4.5 च्या खाली गॅस मंदावतो. पनीरच्या निवळीत नत्र-स्फुरद बऱ्यापैकी असतं, मळीच्या पाण्यात कमी. त्यामुळे दोघांना एकच पुडी देणं आम्हाला पटत नाही.

मॅग्नेशियम साखर फोडणाऱ्या विकरांना लागतं, ते मिश्रणात आहे. वेगळं आणू नये.

विरजण

शेणाचा किंवा जुन्या प्लांटचा गाळ विरजण म्हणून वापरणार असाल, तर आधी सुमारे 100 अंशांवर अर्धा तास तापवावा. मिथेनवाले मरतात, क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू तगतात. हे न करता कितीही चांगलं मिश्रण घातलं तरी उपयोग नाही.

हवेत 4 ते 75 टक्के हायड्रोजन असला की तो पेट घेतो, आणि त्याची ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही. टाकीच्या शेडला छताशी झरोका हवा, बिडी-सिगारेट बंद.

नमुना कसा आणावा

मात्रा आम्ही बाटल्यांत लावून ठरवतो: तुमचंच पाणी, तुमचंच विरजण, लोहाच्या पाच वेगवेगळ्या मात्रा, तापमान 37 अंश. गॅस मोजून तीन-चार दिवसांत आकडा कळवतो. नमुना गळ्यापर्यंत भरून बर्फाच्या डब्यात आणावा. नाहीतर साखर वाटेतच आंबते. डेअरीवाल्यांनी कॉस्टिकने पाइप धुतल्यावरचं पाणी आणू नये, रोजचं सगळं एकत्र झालेलं सांडपाणी आणावं.