लाँचचा कन्सोल आणि नंतरचा कन्सोल: नाव एक, वस्तू दोन

‘प्लेस्टेशन ५’ (टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं यंत्र, म्हणजे कन्सोल) एवढंच सांगितलं तर नेमका कोणता डबा, ते कळत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला साडेचार किलोचा, ८२५ जीबीचा डबा प्लेस्टेशन ५. नोव्हेंबर २०२३ पासून मिळू लागलेला, आकारमानाने सुमारे ३० टक्के लहान आणि १ टीबीचा डबाही प्लेस्टेशन ५च. गेम दोन्हींवर तेच, आणि चालतातही सारखेच. त्यामुळे ‘लाँचला (बाजारात येताच) घेणं परवडतं का?’ या प्रश्नावर निम्मे लोक एका वस्तूबद्दल बोलतात, निम्मे दुसरीबद्दल, आणि वाद काही संपत नाही.

लाँचच्या किमतीत दोन बिलं एकत्र केलेली असतात. एक यंत्राचं. दुसरं, ते यंत्र दोन-तीन वर्षं आधी हाती येण्याचं. ती वेगळी केली की हिशोब सुटतो. लाँचच्या किमतीतून नंतरच्या सुधारित मॉडेलची किंमत वजा करायची आणि मध्ये गेलेल्या महिन्यांनी भागायचं. येईल तो आकडा म्हणजे घाईचं दरमहा भाडं.

(पुढचे आकडे अमेरिकेतल्या जाहीर किमतींचे आहेत, कर सोडून. ४९९.९९ ला ५०० धरलं आहे.)

६० जीबीचा प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये ६०० डॉलरला आला. सप्टेंबर २००९ मध्ये १२० जीबीचा, बारीक केलेला ‘स्लिम’ ३०० डॉलरला मिळू लागला. ३४ महिन्यांत ३०० डॉलरचा फरक, म्हणजे भाडं महिन्याला जेमतेम ९ डॉलर. प्लेस्टेशन ४ चा हिशोब नोव्हेंबर २०१३ ला ४०० आणि सप्टेंबर २०१६ च्या स्लिमला ३००, म्हणजे महिन्याला ३ डॉलर. सगळ्यात बोचरं उदाहरण निन्टेंडो ३डीएस या हातातल्या कन्सोलचं. मार्च २०११ मध्ये २५० डॉलर आणि त्याच वर्षी १२ ऑगस्टला १७०. साडेचार महिन्यांत ८० डॉलर गेले, भाडं महिन्याला जवळपास १८. आधी घेतलेल्यांची समजूत काढायला निन्टेंडोने २० जुने गेम फुकट दिले. दहा एनईएस या जुन्या घरगुती कन्सोलवरचे आणि दहा गेमबॉय अॅडव्हान्सचे.

आता हाच हिशोब प्लेस्टेशन ५ ला लावा. डिस्कवाला २०२० मध्ये ५०० ला होता. २०२३ चा स्लिमही ५०० लाच आला. म्हणजे भाडं शून्य, आणि थांबणाऱ्याला जास्तीचं मिळालं ते फक्त स्टोरेज आणि लहान डबा. ऑगस्ट २०२५ मध्ये तो ५५० झाला. डिस्क ड्राइव्ह नसलेला तर ४०० वरून ४५० आणि तिथून ५०० वर गेला. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स २०२० मध्ये ५०० ला होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये ६५० झाला. मार्च २०१७ मध्ये ३०० ला आलेल्या निन्टेंडोच्या स्विचची किंमत आठ वर्षांनी उतरायच्या ऐवजी ३४० झाली. भाडं उणे! लाँचला घेणारा इथे स्वस्तात सुटला.

‘थांबा, स्वस्त होईल’ हा सल्ला एकेकाळी खरा होता, आणि तो का खरा होता हे समजलं की आता का लागू पडत नाही तेही कळतं.

किंमत उतरण्याचं मूळ चिपमध्ये होतं. पहिल्या प्लेस्टेशन ३ मधला सेल प्रोसेसर (मुख्य चिप) ९० नॅनोमीटरचा होता, स्लिममधला ४५ चा; हा आकडा जितका लहान तितकी चिप लहान. चिप लहान झाली की सिलिकॉनच्या एकाच चकतीतून जास्त चिप निघतात. लहान चिप वीज कमी खाते, म्हणून वीजपुरवठ्याचा भाग लहान होतो, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) हलका होतो, पंखा छोटा चालतो, खोका आटोपशीर होतो आणि एका कंटेनरमध्ये जास्त खोकी मावतात. एका बदलातून पाच ठिकाणी पैसा वाचायचा. प्लेस्टेशन ५ मध्येही चिप ७ वरून ६ नॅनोमीटरवर आली (२०२२ मधलं सीएफआय-१२०० मॉडेल), पण ही उडी लहान होती. नव्या पद्धतीच्या चकत्याच इतक्या महाग झाल्या आहेत की चिप लहान होऊनही पूर्वीसारखी स्वस्त होत नाही. त्यावर मेमरीचे चढउतार, आयातशुल्क, चलनाचे दर. कंपनीकडे कपात करायला जागाच उरलेली नाही.

महाग दिसणारा कन्सोल खरोखर महाग असतोच असंही नाही. ६०० डॉलरच्या प्लेस्टेशन ३ मधल्या सुट्या भागांचा आणि जुळणीचा खर्च आयसप्लाय या संस्थेने तेव्हा सुमारे ८४० डॉलर काढला होता. प्रत्येक डब्यामागे कंपनी तोटा सोसत होती आणि तो गेम विकून भरून काढायचा होता. म्हणून किमतीकडे बघून ‘लूट आहे’ म्हणण्याआधी कंपनी पैसे कुठून काढणार हे बघावं: डब्यातून, गेममधून की वर्गणीतून. तुम्ही वर्षाला दोनच गेम घेत असाल, तर तोट्यात विकलेला डबा हा तुमचा फायदा.

सुधारित मॉडेलमध्ये काय सुधारतं आणि काय गुपचूप जातं

स्लिम म्हणजे तोच कन्सोल, फक्त बारीक, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. प्लेस्टेशन ३ च्या ६० जीबी मॉडेलमध्ये प्लेस्टेशन २ च्या चिप होत्या, म्हणून जुन्या डिस्क चालायच्या. स्लिममध्ये ते गेलं. चारांपैकी दोन यूएसबी पोर्ट, मेमरी कार्डाच्या खाचा आणि लिनक्स ही संगणकाची प्रणाली टाकायची सोय हेही गेलं. प्लेस्टेशन ४ स्लिममध्ये ५ गिगाहर्ट्झ वायफाय आलं, पण ऑप्टिकल ऑडिओचा पोर्ट काढला. जुना साउंडबार फक्त ऑप्टिकलवर चालणारा असेल तर तो अडलाच. प्लेस्टेशन ५ च्या स्लिममध्ये डिस्क ड्राइव्ह काढता-घालता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. उभं ठेवायचं स्टँड लाँचच्या खोक्यात असायचं, आता ते वेगळं घ्यावं लागतं. शेल्फवर उभा ठेवायचा असेल तर तेवढी रक्कम आधीच किमतीत धरा.

उलट बाजूही आहे. लाँचचा मालक सुरुवातीला अर्धवट यंत्र वापरत असतो. प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ पैकी वापरायला मिळायचे ६६७ जीबी. आत एम.२ ड्राइव्हसाठी (स्टोरेज वाढवणाऱ्या छोट्या पट्टीसाठी) जागा होती, पण ती सॉफ्टवेअरने सप्टेंबर २०२१ पर्यंत बंद ठेवली होती. म्हणजे दहा महिने गेम काढा आणि घाला. ड्राइव्ह घ्यायचा तर पीसीआयई ४.० या जोडणीचा, वाचनवेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त, आणि हीटसिंकसकट जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. जाडी न बघता घेतलेल्या ड्राइव्हवर झाकण बसत नाही, ही नेहमीची चूक. व्हीआरआर (पडद्याचा वेग गेमच्या वेगाशी जुळवणारी सोय) एप्रिल २०२२ मध्ये आलं, १४४०पी (बऱ्याच मॉनिटरवर असणारं रिझोल्यूशन) त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. मॉनिटरवर खेळणाऱ्यांना पूर्ण यंत्र मिळायला जवळजवळ दोन वर्षं लागली.

बिघाडांत मात्र दोन जाती वेगळ्या ओळखाव्यात, कारण थांबल्याने एकच बरी होते.

पहिली जात पहिल्या खेपेच्या दोषाची. नोव्हेंबर २००५ चा एक्सबॉक्स ३६० हे तिचं सगळ्यात मोठं उदाहरण. तीन लाल दिवे आणि यंत्र बंद. यंत्र तापतं, निवतं, पुन्हा तापतं. प्रत्येक फेरीत ग्राफिक्स चिपच्या आतली सोल्डरची सूक्ष्म जोडणी ताणली जायची आणि शेवटी तडकायची. यंत्र टॉवेलात गुंडाळून तापवण्याचा तोडगा तेव्हा पसरला होता. त्याने क्वचित चार दिवस ढकलले जायचे आणि आग लागायचा धोका मात्र पुरेपूर. मायक्रोसॉफ्टने जुलै २००७ मध्ये या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. २०१० च्या ३६० एस मध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच ४५ नॅनोमीटर चिपवर आले आणि ही डोकेदुखी मागे पडली. इथे थांबणाऱ्याचा निखळ फायदा झाला.

दुसरी जात रचनेच्या दोषाची. स्विचच्या जॉय-कॉनची (कंट्रोलरची) काडी आपोआप सरकते, ती या जातीतली. आतल्या कार्बनच्या पट्टीवर सरकणारा संपर्क असतो. तो घासून पट्टी झिजते, भुकटी साचते आणि बोट न लावताही हालचाल नोंदली जाते. २०१७ च्या स्विचवर हे होतं, २०१९ च्या सुधारित स्विचवरही. गंमत म्हणजे लाँचच्या डाव्या जॉय-कॉनचा संपर्क तुटायचा, तो पहिल्या जातीतला दोष होता आणि वीजवाहक फोमच्या एका तुकड्याने दुरुस्त झाला. एकाच वस्तूत दोन दोष होते: एकाला थांबणं हे औषध, दुसऱ्याला काही उपयोग नाही. स्विच २ मध्येही हॉल इफेक्टच्या (न घासता चुंबकाने हालचाल ओळखणाऱ्या) काड्या नाहीत, तेव्हा झीज टळेल या आशेवर तरी थांबू नका.

भाडं वसूल होतं का

महिन्याला ९ डॉलर भाडं भरून काय खेळायला मिळतं, यावर सगळं अवलंबून आहे. आणि इथे लोक सरसकट चुकतात, कारण ते ‘नव्या कन्सोलवर येणारे गेम’ मोजतात. मोजायचे असतात ‘फक्त नव्या कन्सोलवरच येणारे गेम’.

२०२० च्या प्लेस्टेशन ५ बरोबर डीमन्स सोल्स आला, तो फक्त त्यावरच. पण स्पायडर-मॅन माइल्स मोरालेस प्लेस्टेशन ४ वरही होता. २०२२ चे होरायझन फॉरबिडन वेस्ट आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकही तिथे होते. ज्याच्याकडे प्लेस्टेशन ४ होता त्याने पहिल्या दोन वर्षांत फार थोडं गमावलं. लोडिंगचा वेळ आणि फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) यांत फरक होता, तो खरा, पण तो ५०० डॉलरचा होता का, हे ज्याने त्याने ठरवावं. ज्याच्याकडे जुना कन्सोल नव्हताच, त्याला मात्र दोन पिढ्यांचे गेम एका खरेदीत मिळाले. त्याचा हिशोब पहिल्या दिवसापासून जमतो.

स्विचचं २०१७ हे वर्ष याच्या अगदी उलट. लाँचच्या दिवशी ब्रेथ ऑफ द वाइल्ड (हा एक मात्र निन्टेंडोच्या जुन्या वी यू वरही आला), जुलैमध्ये स्प्लॅटून २, ऑक्टोबरमध्ये सुपर मारिओ ओडिसी. पहिल्या वर्षातच भाडं फिटलं.

आमचा ठोकताळा असा: पुढच्या १२ महिन्यांत, तारीख जाहीर झालेले, फक्त नव्याच कन्सोलवर येणारे आणि तुम्ही पूर्ण किमतीला घ्याल असे तीन गेम कागदावर लिहिता आले तर लाँचला घ्या. दोनच असतील तर थांबा. ‘लवकरच’ अशी तारीख असलेला गेम मोजायचा नाही.

यंत्राच्या किमतीवर बाकीचा खर्च चढवायला विसरू नका. जून २०२५ मध्ये ४५० ला आलेल्या स्विच २ मध्ये २५६ जीबी आहेत. गेम साठवायला फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्ड चालतं, स्विचमधलं जुनं कार्ड नाही. मारिओ कार्ट वर्ल्ड हा गेम लाँचला सुटा ८० ला, यंत्रासोबत ५०० ला होता, म्हणजे तो घ्यायचाच असेल तर जोडीत ३० वाचायचे. दुसरा कंट्रोलर आणि ऑनलाइन खेळायची वर्गणी हे वेगळंच.

हाती कोणता डबा येतोय

सूट दिसली की आधी मॉडेल नंबर बघा, कारण सूट बहुधा जुन्या मालावर असते. प्लेस्टेशन ५ वर सीएफआय-१०००, ११०० आणि १२०० हे मोठे डबे, २००० हा स्लिम. स्विचमध्ये खोक्यावरचा अनुक्रमांक एक्सएडब्ल्यूने सुरू झाला तर २०१७ चा, एक्सकेडब्ल्यूने झाला तर २०१९ चा. दिसायला हुबेहूब, पण बॅटरी पहिल्याची अडीच ते साडेसहा तास आणि दुसऱ्याची साडेचार ते नऊ. वापरलेला स्विच घेताना हे एक अक्षर न बघणं म्हणजे बरीचशी बॅटरी सोडून देणं.

स्लिम आणि प्रो यांचीही गल्लत होते. स्लिम तोच वेग लहान डब्यात देतो. प्रो जास्त ताकदीचा आणि महाग असतो, गेम मात्र तेच. प्लेस्टेशन ५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये ७०० ला आला, २ टीबीचा, डिस्क ड्राइव्ह आणि स्टँड दोन्ही वेगळे. १०८०पीच्या टीव्हीवर त्याचे पैसे दिसत नाहीत. आधी टीव्ही बदला.

लाँचचाच घेतलात, तर परत करायची मुदत संपायच्या आत त्याला राबवून घ्या. सगळ्यात जड गेम सलग तीन तास चालवा, चारी बाजूंनी हवा मोकळी ठेवून. बारीक किणकिण ऐकू आली आणि दृश्यानुसार तिचा सूर बदलत असेल तर ती पंख्याची नाही, कॉइलची (वीजपुरवठ्यातल्या तारेच्या वेटोळ्याची). ती दुरुस्तीने जात नाही, डबाच बदलून घ्यावा लागतो. काड्या सोडून कॅमेरा स्वतःहून फिरतो का ते डेडझोन (काडीची जी बारीक हालचाल गेम मोजत नाही ती) शून्यावर ठेवून बघा. एक गेमची आणि एक चित्रपटाची डिस्क लावा. रात्रभर रेस्ट मोडमध्ये (अर्धवट झोपेत) डाउनलोड लावून सकाळी यंत्र नीट उठतं का पाहा, मात्र पहिल्या काही अपडेटपर्यंत बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क जोडून रेस्ट मोडला पाठवू नका. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ याच जोडगोळीवर आपटत होता.